उगमाची वाट

हाडांच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंच्या टेबलासमोर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची धाकटी बहीण बसली होती. बहिणीच्या हातात वर्तमानपत्र होतं. बाईंनी रजिस्टरात डोकं घातलं, पण कान तिकडेच होते.

"दादा, भूगोल संशोधनाचं पदक त्या प्रोफेसरला! नदीचा खरा उगम शोधला म्हणे."

"असू दे गं."

"काय असू दे? अठरा वर्षं डोंगर तू चढलास, मोजमापं तू घेतलीस, गुडघे तुझे गेले. आणि पदक त्याच्या गळ्यात?"

"त्यांच्या पुस्तकात माझा उल्लेख आहे की."

"'एक स्थानिक मदतनीस'! नाव लिहायला शाई संपली होती का मेल्याची?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

"सकाळी प्रोफेसरांचा फोन आला होता."

"कशाला? कौतुक करून घ्यायला?"

"टीव्हीवाल्यांना उगम दाखवायचाय म्हणे. वाट विचारत होते."

"म्हणजे तो तिथे कधी गेलाच नाही?"

"एकदाही नाही."

"आणि तू सांगितलीस? तुझा काही नेम नाही, दादा!"

दादांचा नंबर आला होता, पण बाईंनी पुकारला नाही.

"मी म्हटलं, साहेब, उगम तुम्ही शोधलात ना? मग वाटही तुम्हीच शोधा. आणि फोन ठेवून दिला."