शेकाच्या बाजेवर मी स्वतः आडवी झाले त्याबाबत

मी गोजरबाई भ्रतार आसाराम वाव्हळे, वय अंदाजे सत्तर, जात बौद्ध, धंदा पूर्वी मजुरी, आता घरी बसून दुसऱ्याला कामे सांगणे, रा. पेडगाव, ता. परभणी. हे सर्व कालच सांगितले होते. कागद कुठे ठेवला ते जमादारसाहेब विसरले. मला अक्षर येत नाही, पण माझे नाव ध्यानात आहे. आज दि. १९ जानेवारी १९७६ रोजी दवाखान्यातील खाटेवर, शुद्धीत, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

माझा मुलगा बन्सीधर ऊसतोडीला गेला आहे. घरी मी, सून मनकर्णा आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली नात सुलाबाई. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवून शेक देतात. परवा सकाळी दहाच्या सुमारास सुलाबाई म्हणाली, "आज्जे, लय पोळायलंय." मी म्हणाले, "तुझ्या बापाच्या येळेला याच्या दुप्पट इस्तू व्हता. ऊठ, दाखवते." ती लेकराला घेऊन न्हाणीकडे गेली. मी बाजेवर आडवी झाले. ऊब बरी वाटली, डोळा लागला. लुगड्याचा पदर खाली निखाऱ्यांवर लोंबला. जाग आली तेव्हा पाठ, कंबर आणि उजवा हात भाजला होता. डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्या कातडीला चटका उशिरा कळतो आणि पातळ असल्याने खोल जातो. मला कोणीही पेटविले नाही.

मनकर्णा अंगणात झाडत होती. तिने वाकळ टाकून मला दाबले. तिचे तळहात त्यात भाजले, मला जाळताना नव्हे. गावातल्यांपैकी कोणी शाई लावा म्हणाले, कोणी तूप. तिने कोणाचे ऐकले नाही, घागरीने पाणी ओतत राहिली व मला बैलगाडीत घालून इथवर आणले. त्यानंतर तिला ठाण्यात बसवून ठेवले आहे. बाळंतीण घरी एकटी आहे.

शेजारीण चांगुणाबाईने सांगितले, की त्या सकाळी आमचे भांडण झाले. ते खरे आहे. मी तिला आळशी म्हणाले, ती मला "म्हातारे, गप पड" म्हणाली. हे एकवीस वर्षे रोज चालू आहे. ज्या दिवशी आवाज येत नाही त्या दिवशी चांगुणाबाईच विचारायला येते, "कोन आजारी हाय का?"

डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितले, की या वयात एवढे भाजले आणि वर दमा असला तर चार बाया आल्या तर एखादी घरी जाते. मी विचारले, "बाकी तिघी आल्या का?" ते हसले नाहीत. म्हणून आजच सांगून ठेवते. मी राहिले नाही तरी माझे बोलणे हेच आहे. मनकर्णेवर माझी कसलीही तक्रार नाही.

वरील मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचला. दोनदा वाचायला लावला. मी बोलले तेवढाच आहे. उजव्या हाताला पट्टी असल्याने डाव्या अंगठ्याची निशाणी दिली.

ता. क. सांगून लिहविले: भाजलेले म्हातारे माणूस जेवले तरच जखम भरते, असे डॉक्टर म्हणतात. तरी रोज दोन उकडलेली अंडी, मऊ भाकर व पातळ वरण पाठवावे. ते मनकर्णेनेच करावे व तिनेच आणावे. दुसऱ्या कोणाच्या हातचे आले तर मी तोंड उघडणार नाही. वरणात मीठ कमी घाल म्हणावे, नेहमी जास्त पडते.