पानाची जागा

(बाइंडरचं दुकान. टेबलावर खळीचं भांडं आणि चर्चमधलं जाडजूड बायबल.)

धाकटी : हसू नकोस, दादा! काल मंडळीसमोर माझी चांगलीच फजिती झाली.

दादा : कुणाच्या लक्षात आलं का?

धाकटी : कुणाच्याही नाही! मत्तयाचं शुभवर्तमान वाचत होते. येशू खटल्यासाठी पिलातासमोर उभा. पान उलटलं आणि पुढे वाचत सुटले. मेंढरासारखा नेला, तोंड उघडलं नाही, आपल्या पापांपायी घायाळ झाला. पाळकसाहेबही डोळे मिटून मान डोलावत होते. खाली वाक्य जुळेना, तेव्हा माझी ट्यूब पेटली. अरे, हे तर जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचं!

दादा : पण मी लावलेल्या पानाचा सांधा दिसला का कुठे?

धाकटी : मिरवू नकोस. यशया येशूच्या आधीचा, सातशे वर्षांनी चुकलायस!

दादा : अर्धंच पान होतं ते. वरचा भाग कसरीनं खाल्लेला. ना नाव, ना आकडा. कुठंतरी लावायलाच हवं होतं.

धाकटी : हजारावर पानं आहेत, दादा. नेमकं तिथंच का?

दादा : वाचून लावलं.

धाकटी : आणि वाचून काय वाटलं?

दादा : उलटतपासणी पुरे. चहा घेणार?

धाकटी : विषय बदलू नकोस. वहिनी गेल्यापासून तीन वर्षं मला काय ऐकवतोयस? येशू हा कबूल केलेला तारणारा, मशीहा वगैरे काही नव्हता, जुनी वचनं चेल्यांनी मागाहून त्याला चिकटवली.

दादा : बरं, मग?

धाकटी : मग या खेपेला कुणी चिकटवलं? खळ कुणाच्या बोटांना होती?

दादा : फार शहाणी झालीस.

धाकटी : सांग ना. कुणाबद्दल लिहिलंय असं वाटलं?

दादा : मार खातोय, गप्प राहतोय, दुसऱ्यांचं दुखणं अंगावर घेतोय. दुसरा कोण असणार? नेऊन लावलं त्याच्या खटल्यापाशी. विचारसुद्धा केला नाही.

धाकटी : त्या बिचाऱ्या चेल्यांचंही असंच झालं असेल.

दादा : तुझी वहिनी शेवटी शेवटी हेच वाचून घ्यायची माझ्याकडून; खूण तिचीच असायची, मी पुस्तकाचं नाव कधी पाहिलं नाही. दुखणं अंगावर घेतो म्हणे! हिचं कुठे घेतलं? तळमळत गेली ती. मला फार राग आहे त्याचा.

धाकटी : अजून?

दादा : अजून. पण पान लावताना हात अडला नाही, तेही खरं.

धाकटी : मग राग घेऊनच ये की. चर्चच्या दारात कुणी झडती घेत नाही.

दादा : वाफेवर सोडवून शनिवारपर्यंत पान यशयात बसवतो.

धाकटी : न्यायला कुणाला पाठवू?

दादा : मीच आणीन. नीट उघडतंय का, बघावं लागेल.

धाकटी : हो का! आणि दारातूनच बघणार?

दादा : चर्चमधली तिची जागा कुणाला दिलीस?

धाकटी : कुणाला नाही. माझी पर्स ठेवते तिथं. दर रविवारी.

दादा : या रविवारी पर्स मांडीवर घे.