बियांचा चाफा

आमचं गाव वसई आणि अर्नाळ्याच्या मधल्या पट्ट्यातलं. घराण्यात पिढ्यानपिढ्या केळी आणि पानवेल, घरामागं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि त्या पाण्यावर बाबा आयुष्यभर राबले. घरी आम्ही आमची बोली बोलतो, ती तुम्हाला कळायची नाही म्हणून शाळेतल्या मराठीत सांगतो. मी थोरला, माझ्यामागं बारा वर्षांनी पावलीन, मधली दोन भावंडं लहानपणीच गेली. बाबा गेले तेव्हा मी गोखिवऱ्याला एका कारखान्यात लेथवर लागलो होतो, म्हणून वाडी खंडानं दिली आणि घराभोवतीचं अंगण तेवढं ठेवलं. त्याच अंगणाचं सांगायचं आहे, पण आधी दुसरं सांगावं लागेल, नाहीतर बाग का केली ते कळणार नाही.

चौऱ्याहत्तर साल असेल. आईला अर्धांग झालं, उजवी बाजू गेली. माझी बायको मारी दुसऱ्या बाळंतपणात. आईला उठवणं, धुणं, भरवणं, सगळं पावलीन करायची. चोविशीची होती. त्याच वर्षी एक गृहस्थ आपल्या भाच्याचं स्थळ घेऊन मला भेटायला आले. घरी नाही आले, कारखान्याच्या फाटकाशी आले, सुट्टी व्हायची वाट बघत उभे राहिले. भाचा शाळेत मास्तर, निर्व्यसनी, त्यानं पावलीनला चर्चमध्ये पाहिलेलं. मी म्हणालो, तिला एवढ्यात लग्न करायचं नाही. ते म्हणाले, तिला एकदा विचारून सांगा. मी म्हणालो, विचारलंय. काय सांगू तुम्हाला, विचारलं नव्हतं. घरी येऊन सांगितलंही नाही. आई कोण बघणार हा एकच हिशेब डोक्यात होता, आणि तो खरा होता, पण उत्तर तिचं होतं, ते मी देऊन टाकलं.

त्यानंतर मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मग मी अंगणात बाग करायला घेतली. लोक म्हणाले, बहिणीची हौस पुरवतो. पावलीनला फुलांचं वेड होतंच. तिनं जुन्या वहीत अंगणाचा नकाशा काढला, मधे आमचा क्रूस, भोवती वाफे, आणि वाफ्यावाफ्यात फुलाऐवजी सणांची नावं. नाताळला शेवंती, ईस्टरला लिली आणि मोगरा, सप्टेंबरात मरियामातेच्या नोव्हेनाला लेकरं नऊ दिवस फुलं नेतात त्याला तगर, गुलाब, सोनटक्का. मी खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, तिरक्या विटांची कड लावली. पावसात पाणी तुंबतं म्हणून वाफे वीतभर उंच केले. अर्नाळ्याहून सुक्या मासळीचं खत आणलं, तर मारी म्हणाली, आता मांजरं वेदीवर चढवा. पावलीननं ते खत पावसात दोन महिने धुऊ दिलं, मग मातीत मिसळलं, कारण त्यातलं मीठ मुळं जाळतं. मला ठाऊक नव्हतं, तिला होतं.

शेवंतीचे शेंडे ती गणपतीपर्यंत खुडत राहायची, म्हणजे फुटवे वाढतात आणि फूल नाताळला येतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या वेदीवर फुलं ठेवत नाहीत, झाडं काही थांबत नाहीत, म्हणून ते चाळीस दिवस आमची फुलं शेजारच्या काकूंच्या देवांना. काकू पानवेलवाल्या, जुन्या बागायतदार घरातल्या. परडी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, तुमचा देव उपाशी म्हणून माझा जेवतोय गं पावलीन. ती म्हणायची, काकू, त्याला सांगा आमच्यासाठीही एक घास ठेव.

बागेचं पहिलं वर्ष होतं. पावलीन गुलाबाला आळं करत होती, वर न बघता म्हणाली, दादा, सगळ्या मैत्रिणींची लग्नं झाली, माझं काय? मला कोणी विचारतच नाही का? तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, क्रूसाच्या डाव्या बाजूला सोनचाफा लावू, तो फुलला की तुझं बघतो, तोपर्यंत आईही सावरेल. ती हसली, म्हणाली, कलमी चाफा दोन वर्षांत फुलतो दादा, मी मोजणार.

रविवारी मी नर्सरीत गेलो. माळ्यानं दोन्ही रोपं समोर ठेवली. हे कलमी, बुडाशी गाठ दिसते ना, दोन वर्षांत फूल देईल. हे बियांचं, सरळ वाढतं, मोठं होतं, पण फुलायला आठ-दहा वर्षं. कुठलं देऊ? मी बियांचं घेतलं. तुम्ही मला विचाराल, पैसे वाचवायला का. नाही. मी समजून-उमजून घेतलं. रोप सायकलच्या हँडलला बांधून आणलं, तिनं ते हातात घेतलं, वळवून बघितलं, आळं केलं आणि लावलं.

एक दिवस काकू थबकल्या. अगं, याच्या बुडाशी कलमाची गाठ कुठाय? हे तर बियांचं दिसतंय, तुझी नातवंडं फुलं वेचतील. पावलीन म्हणाली, असू दे काकू, सावली तरी देईल. मी तिथंच उभा होतो, हातात झारी. झारी रिकामी करून आत गेलो.

पुढं त्या मास्तरांचं लग्न ठरलं. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारली गेली आणि त्यांच्या घरची माणसं फुलं मागायला आमच्याच अंगणात आली, कारण तोवर गावातल्या बहुतेक लग्नांची फुलं पावलीनकडून जायची. तिनं शेवंतीचे हार केले, वधूच्या हातातला गुच्छ बांधला, त्याआधी त्यांना विचारलं, मुलगी उंच आहे का, गुच्छ त्या मापाचा बांधते. मी ओट्यावर बसून दोरा कापून देत होतो.

उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेलो आणि फादरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, क्षमा देवाकडून मिळेल, पण ही गोष्ट तिची आहे, तिला सांग. मी दरवर्षी उपवासकाळात ठरवायचो आणि ईस्टरपर्यंत विसरायचो. विसरायचो म्हणजे, तुम्हाला कळतंय ना.

आई आठ वर्षं अंथरुणावर होती, मग गेली. शेवटी फक्त पावलीनचा हात ओळखायची. पुढच्या वर्षी नोव्हेनाच्या आधल्या सकाळी मारीनं हाक मारली, अहो, वास येतोय. चाफ्याला तीन फुलं होती, उंचावर, शिडी लागली काढायला. ती मी पावलीनच्या ओंजळीत ठेवली आणि तिथंच, क्रूसाशी, बोललो. म्हटलं, मी मुद्दाम बियांचं आणलं होतं.

ती म्हणाली, गाठ नव्हती ते लावतानाच दिसलं होतं. मी आईसाठी राहिले रे, तुझ्या चाफ्यासाठी नाही.

हलकं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. त्या हलकेपणातच दुसरंही सांगून टाकलं, कारखान्याच्या फाटकाशी आलेले गृहस्थ, त्यांचा भाचा, मी दिलेलं उत्तर. हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, म्हणजे मला विचारलं होतं कोणीतरी. मी नऊ वर्षं समजत होते की कोणी विचारलंच नाही. मग म्हणाली, त्यांचा गुच्छ मी बांधला. रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडावं असं मला वाटत होतं, तेही मला मिळालं नाही. फुलं नोव्हेनाला पाठवली आणि झारी माझ्या हातात दिली. आजपासून पाणी तू घाल.

नाताळनंतर ती जव्हारकडे गेली, सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायला. पत्रं यायची, मारीला लिहिलेली. शेवंतीचे शेंडे खुडले का, मोगरा छाटला का, काकूंना फुलं जातात का. चाफ्याबद्दल एक अक्षर नसायचं. मी शेंडे खुडायला शिकलो. पहिल्या वर्षी उशिरापर्यंत खुडत बसलो आणि नाताळ फुलांशिवाय गेला, काकू म्हणाल्या, यंदा दोघांचेही देव उपाशी.

आता मी पन्नाशीला आलो. मागच्या मे महिन्यात तिचं पत्र आलं, पहिल्यांदाच माझ्या नावानं. वसतिगृहाच्या अंगणात मुलींसाठी बाग करतेय, एक चाफा आण. एवढंच. मी त्याच नर्सरीत गेलो, म्हातारा माळी आता बसून असतो, त्यानं विचारलं, कुठलं देऊ? मी रोप मांडीवर घेऊन एसटीनं गेलो. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, मुली तिला पावलीनबाई म्हणतात. चहा झाला, मारीची, पोरांची चौकशी झाली. मग अंगणात येऊन तिनं रोप हातात घेतलं, बुडाशी अंगठा फिरवला, गाठ चाचपली, आणि खाली बसून आळं करायला लागली. मी पाणी आणायला उठलो.