दहावी मेंढी

दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना मागच्या बाकावर दोन आजोबा बोलत होते.

"नात दिवसभर गेम खेळते म्हणालात ना?"

"खेळते कसली, प्रयोग करते! गेममध्ये तिने मेंढी बांधली आणि शेजारी मशाल लावली. लांडगा मशालीला भितो का, ते बघायचं होतं."

"मग, भ्याला?"

"पळालाच. पोरगी लागली नाचायला. मी म्हटलं, बाई, एकदाने काय होतंय? दहा वेळा कर."

"केलं?"

"केलं ना! नऊ वेळा लांडगा पळाला. दहाव्यांदा सरळ आला आणि मेंढी खाऊन गेला."

"अरेरे! म्हणजे सगळी मेहनत पाण्यात."

"पाण्यात कशी? 'दहावी मेंढी गेली,' असं ठसठशीत लिहिलंय वहीत. कुठे खाडाखोड नाही."

"तुमच्याच वळणावर गेलीय."

"अहो, मी तीस वर्षं प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या, नोंदी ठेवल्या. छापून यायचं ते साहेबांचं नाव."

"आणि या वहीवर?"

"तिचं. आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, माझं."