खालचा सूर

मुखेडच्या स्टँडवर लातूरची गाडी काही येईना. शिल्पाच्या मागच्या बाकावर एक म्हातारा सनईवाला आणि त्याची विधवा भावजय त्याच गाडीची वाट बघत बसली होती. म्हाताऱ्यानं मोबाइलवर सनई लावली, तशी शिल्पा कान देऊन ऐकू लागली.

“वर नाचून राहिली ती माझी सनई, वहिनी. खाली एकच सूर धरलाय ना, तो दादाचा.”

“सगळीकडं एकच?”

“हाव. देवळातल्या चौघड्याला तोच, गोंधळाला तोच, अन् आता लावलंय ह्या पुण्याच्या पोरांच्या गिटारासंगं बी तोच. त्याच्या बी हातात सनईच, पण बोट हलवायचं न्हाई.”

“नाव घातलंय का त्यांचं?”

“सूर धरणाऱ्याचं नाव कोण घालतंय.”

“हे कधीचं, भावजी?”

“औंदाच्या उन्हाळ्यातलं. तो जायच्या आधी महिनाभर.”

“तवा तर तांब्या उचलला तरी धाप लागायची त्यांना. हितं कुठंच थांबले न्हाईत.”

सनई वाजत राहिली.

“त्या पोरांकडं सूर धरायची मशीन असती म्हणं.”

“असती.”

“मग हे?”

“हे दादाच हाय, वहिनी. त्या दिवशी दम टिकला त्याचा.”

लातूरची गाडी फलाटाला लागली. शिल्पानं पिशवी उचलली. मागच्या बाकावरून कुणी उठलं नाही.

“बरं. मग परत लावा, भावजी. टिकलेला दम ऐकू द्या मला.”