सकाळी सहाचे चार अंश

नाही नाही, बसा की मेहुणे — कामगार कोर्टाचा बाक आहे हा, तुमच्या दाजींच्या हॉटेलातली खुर्ची नव्हे, बसायचं बिल लागत नाही. पाकीट मात्र परत खिशात घाला. आम्हा सहा जणांचे जादा तास, वर शेवटच्या दोन महिन्यांचा पगार, एवढ्याशा पाकिटात मावतो होय? आणि तेही एकट्या भांडीवाल्या म्हाताऱ्याला — का, तर मी फुटलो की बाकीचे गळतील! भारी डोकं. दाजींचंच असणार, तुमचं नसणार.

हजेरी नऊची आहे म्हणता? आहेच! अंगठा नऊला लावायचा, पण शटर सहाला वर जायचं — तोवर आम्ही काय हवा खायला यायचो? कागद नाही म्हणून उड्या मारत होतात. पण फ्रीजची वही विसरलात! थंड खोलीत किती अंश, ते रोज सकाळी सहाला वेळ टाकून लिहायचं, परवान्यासाठी. हुकूम कुणाचा? दाजींचा. अक्षर कुणाचं? माझं, कोंबडी नाचल्यासारखं. खाली सही कुणाची? तुमची! — हं, आता कसे नीट बसलात! आणि वही कोर्टात दिली कुणी? दाजींनीच — हॉटेल किती स्वच्छ ते दाखवायला! हसून हसून माझी कवळी पडायची राहिली. चार अंश, चार अंश, रोज आपले चार. मी काय दार उघडून बघत होतो? एकदा तासभर आत अडकलो, तेव्हापासून त्या दाराला हात लावला असेल तर शपथ — द्यायचं ठोकून, चार —

फोन कशाला काढलात? टेप करताय?

वहिनी, अशी बघू नकोस माझ्याकडे. भाज्या चिरून तुझी बोटं गेली, त्याचे पैसे या वहीवर अडकलेत, कळतं मला. बोलून बसलो. सुटतं तोंड.

करा, मेहुणे, करा टेप. सांगा आत जजसाहेबांना, वही खोटी. मग साहेब विचारतील, खोट्याखाली रोज सही कुणी केली, आणि हीच वही दाखवून परवाना कुणी मिळवला? वही खरी म्हणालात तर आमचे पैसे टाका, खोटी म्हणालात तर हॉटेलला कुलूप घाला. फोन हातातच आहे, विचारा दाजींना, कुठलं परवडतं ते.

काय झालं? उचलत नाहीत?

पुकारा झाला. चल वहिनी, आत चल. — तुम्ही बसा हो, मेहुणे. बिल लागत नाही.