मास्तरांच्या गाण्यातला बोकड

त्या दिवशी थंडी लई होती, अंगावरची घोंगडी काढवत नव्हती. आमच्या शेजारचे मास्तर पोरांसाठी गाणी रचतात, चित्रंबी काढतात. नवं गाणं सांजेला मला ऐकवायचं आणि सकाळी माझ्याकडून म्हणून घ्यायचं, ही त्यांची रीत. माझ्यासारख्या अडाण्याला आठवलं तर ठेवायचं, न्हाय तर कागद फाडायचा.

त्या सकाळी मला ‘शेळीनं पांघरली चादर नवी’ एवढंच आठवलं. गाणं तर दुपारी छापायला द्यायचं होतं. आता मास्तर कागद फाडणार, म्हणून मी मनचंच ठोकून दिलं, “बोकड म्हणतो, मलाबी हवी!”

मास्तरांनी कागद पुढं ओढला. मग शेळीच्या चित्राशेजारी शिंगं काढत म्हणाले, “आबा, माझ्या गाण्यात बोकड नव्हताच की! पण आता आलाय, तर एवढ्या थंडीत त्याला बाहेर कसा काढू?”